मिनिटाला एकशेचाळीस

कुरणखेडीच्या आरोग्य उपकेंद्रात मंगळवार हा गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस असे आणि त्या दिवशी सकाळी दहापासूनच ओट्यावर चपलांची दाटी होत असे. तळेगाव (श्यामजी पंत) येथून आत वळणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांची ती पिवळी इमारत होती. मागे संत्र्याची बाग, पुढे हातपंप, आणि एका अंगाला वांग्यांचे आणि बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांचे वावर. या उपकेंद्राच्या परिचारिका जिजाबाई थूल यांना येथे येऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांचे वय त्रेपन्न, चष्मा जाड काचेचा, बोलणे मोजके. गावातील निम्म्याअधिक मुलांच्या काळजाचे ठोके त्यांच्या आयांनीही ऐकण्यापूर्वी जिजाबाईंनी ऐकलेले होते, आणि तेही नेहमी उजव्याच कानाने. ॲल्युमिनियमच्या नळीचे एक तोंड पोटावर आणि दुसरे उजव्या कानाला, ही त्यांची पद्धत कधी बदलली नव्हती.

त्या मंगळवारी टेबलावर कुसुमबाईंची सून निजली होती आणि कुसुमबाई शेजारी उभ्या होत्या. नववा महिना चालू होता.

"डाव्या कुशीवर झोपते का नाई हे?" जिजाबाईंनी कुसुमबाईंना विचारले.

"थे झोपते कुठी सिस्टर? मोबाईल पाह्यत राह्यते. डाव्या कुशीवर पाह्यते, उजव्या कुशीवर पाह्यते."

सून हसली. जिजाबाईंनी नळी लावली.

काहीच ऐकू आले नाही. त्यांनी नळी बोटभर खाली सरकवली. नंतर बेंबीच्या दुसऱ्या बाजूस. तेथेही सर्वस्वी शांतता होती. ही शांतता साधी नव्हती. पंख्याची घरघर, बाहेरच्या बायांचा गलका, यांपैकी काहीही तिच्यात शिरत नव्हते. बाळ गेले, असे त्यांच्या मनात आले आणि आता या मुलीकडे पाहायचे कसे, या विचाराने त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात नळी त्यांच्या डोळ्यांदेखत उडाली.

"लात मारली त्यानं," सून म्हणाली.

जिजाबाईंनी नळी डाव्या कानाला लावली. बाळाचे ठोके स्वच्छ, ठणठणीत चालले होते. बाळाला काहीही झालेले नव्हते. जे गेले होते ते त्यांच्या उजव्या कानाचे ऐकणे होते.

उरलेल्या अकरा बाया त्यांनी डाव्या कानाने तपासल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. दुपारी दोनच्या सुमारास ओटा रिकामा झाल्यावर त्या नोंदवही भरण्यास बसल्या. नाव, महिना, वजन, रक्तदाब. शेवटच्या रकान्यात बाळाच्या ठोक्यांचा आकडा. या रकान्याविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. गर्दीच्या दिवशी पूर्ण मिनिटभर ठोके मोजण्यास सवड नसते. ठोके ऐकू आले, सुरळीत वाटले, की परिचारिका 'एकशेचाळीस, नियमित' असे लिहून मोकळी होते. आकडा चुकीचा नसतो, तथापि मोजलेलाही नसतो. जिजाबाईंच्या नोंदवहीची पाने वरपासून खालपर्यंत एकशेचाळीसांनी भरलेली होती.

पाचवी ओळ लिहीत असताना त्यांच्या मेलेल्या कानात आवाज सुरू झाला.

उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा, बारीक, घाईचा, दुहेरी आवाज. तो ओळखण्यास त्यांना क्षणभरही वेळ लागला नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिले. नळी कपाटात होती. खोलीत दुसरे कोणी नव्हते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवली आणि ओठ हलवत मोजू लागल्या. एका मिनिटात एकशेचाळीस. पुन्हा मोजले. एकशेचाळीस. तिसऱ्या वेळीही एक कमी नाही, एक जास्त नाही.

मग त्यांनी स्वतःची नाडी पाहिली. ती शहात्तर होती.

*

रात्री त्यांनी मुलगा रत्नदीप याला कानाचे सांगितले, दुसऱ्या दिवशी त्याने ओळखीच्याची गाडी मिळवली आणि आर्वीवरून दोघे वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचले. रत्नदीप पाटबंधारे खात्यात कारकून होता. वाटेत तो आईच्या डाव्या बाजूला बसावे की उजव्या, या विचारात दोनदा जागा बदलून बसला.

कानाच्या डॉक्टर मंजुषा या तरुण होत्या, बोलण्यात घाई नव्हती. आवाजबंद खोलीत बसवून जिजाबाईंची तपासणी झाली. कागदावर डाव्या कानाची रेघ वरच्या बाजूला सरळ होती आणि उजव्या कानाची रेघ खाली पार तळाला जाऊन पडली होती.

"असे एकाएकी होते," डॉ. मंजुषा म्हणाल्या. "पुष्कळदा कारण सापडत नाही. पण एक शंका रक्तवाहिनीची असते, सिस्टर. आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी केसाएवढी बारीक आणि एकटीच असते. ती अडली, तर दुसरीकडून रक्त येण्याची सोय नाही. आम्ही अशा रुग्णांच्या त्या वाहिनीचे चित्र काढून पाहतो. उपचार मात्र थांबवायचा नाही. पहिले दोन आठवडे हातचे गेले, तर कान परत येणे अवघड."

"येईन ना परत?" रत्नदीपने विचारले. "आईचं काम कानाचंच हाय, मॅडम. पाच वर्सं राह्यले नोकरीचे."

"प्रयत्न करू. कानात काही आवाज येतो का? शिट्टीसारखा, वाऱ्यासारखा?"

जिजाबाई थोडे थांबल्या. "ठोके येते," त्या म्हणाल्या.

"तुमच्या नाडीबरोबर?"

"नाई मॅडम. माह्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट."

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले.

जिजाबाईंचे घर देवऋषी, अंगारा, उतारा यांना थारा देणारे नव्हते. त्यांच्या वडिलांनी सगळे जुने देव एका दिवसात नदीला सोडले होते, आणि ज्याला पुरावा नाही ते मानायचे नाही, ही शिकवण त्यांनी मुलीला घुटीबरोबर पाजली होती. त्यामुळे यंत्रातून काढलेले चित्र हेच काय ते खरे, या भावनेने जिजाबाई शुक्रवारी त्या थंड खोलीत आडव्या झाल्या.

यंत्र चालवणारी मुलगी गुंजन, नागपूरची. तिने जिजाबाईंच्या बोटाला चिमटा लावला.

"मावशी, ये तुमच्या नाडीसाठी आहे. नस धडकते ना, तर फोटो हलतो. म्हणून मशीन तुमच्या नाडीच्या हिशोबाने फोटो घेते. प्रत्येक ठोक्याला एकाच टायमावर. मग नस एकदम साफ दिसते. हलायचं नाही, बस."

जिजाबाईंना त्या नळकांड्यात सरकवले गेले. यंत्राची ठोकाठोक डाव्या कानात घणासारखी आदळत होती. उजव्या कानात त्यातले काही पोचत नव्हते. तेथे तेच बारीक घड्याळ चालले होते. चाळीस मिनिटे त्या एकाच वेळी दोन जागी असल्यासारख्या पडून राहिल्या.

बाहेर आल्यावर गुंजनने त्यांना पुन्हा आत घातले. म्हणाली, एक चित्र नीट आले नाही. नंतर आणखी एकदा घातले. तिसऱ्या वेळी बाहेर काढले तेव्हा काचेपलीकडच्या खोलीत डॉ. मंजुषाही येऊन उभ्या होत्या. जिजाबाई चप्पल घालून आत गेल्या, तेव्हा त्यांना कोणी अडवले नाही. बहुधा त्या सिस्टर होत्या म्हणून.

पडद्यावर करड्या रंगात डोक्याचा आडवा छेद होता. पांढऱ्या धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या त्यात स्पष्ट दिसत होत्या. डाव्या कानाकडे जाणारा धागा सुईने ओढल्यासारखा रेखीव होता. उजवीकडचा धागा मात्र पुसट, बोटाने फासल्यासारखा.

"हलल्या असतील त्या," डॉक्टर म्हणाल्या.

"हलल्या असत्या तर सगळंच हललं असतं, मॅडम. बाकीच्या सगळ्या नसा शार्प आहे. ही एकच हलून राहिली." गुंजनने ओठ चावला. "मी एक करून पाहिलं. मशीनला बोटाची नाडी सोडायला लावली, आणि हातानं एक आकडा दिला. मावशी बोलल्या होत्या ना, त्यांच्या कानात एकशेचाळीस चालतात. तर एकशेचाळीस दिला. असंच. मस्करीत."

तिने दुसरे चित्र पुढे आणले.

त्यात सगळे डोके धूसर झाले होते. सगळ्या रक्तवाहिन्या फासल्या गेल्या होत्या. केवळ एकच धागा, उजव्या कानाचा, काळ्या पाटीवर खडूने काढावा तसा ठसठशीत उमटला होता. तो अडलेला नव्हता. डाव्यापेक्षा तो जाड होता, भरलेला होता.

वातानुकूलन यंत्राचे पाणी बादलीत पडत होते.

डॉ. मंजुषांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, जिजाबाईंच्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्टेथोस्कोप काढून त्याची हळूच घडी घातली.

"मशीनवाल्यांना पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि आपण उद्यापासून कानाच्या पडद्याआड इंजेक्शने सुरू करू. तीन लागतील. ती वाहिनी शांत झाली, की हा आवाजही थांबेल."

"थांबन?" जिजाबाईंनी विचारले.

"थांबायलाच हवा ना, सिस्टर. तेच तर आपल्याला पाहिजे."

*

पहिले इंजेक्शन शनिवारी झाले. सुई कानाच्या पडद्यातून आत गेली तेव्हा डोळ्यांपुढे भिंत फिरली, नंतर स्थिर झाली. संध्याकाळी घरी आल्यावर जिजाबाईंनी घड्याळ समोर धरले. एकशे एकवीस.

सोमवारी त्यांना उजव्या कानाने प्रथमच काहीतरी बाहेरचे ऐकू आले. पातेल्यावरचे झाकण पडले, तो आवाज. रत्नदीप आनंदाने दिवसभर उजव्या बाजूने बोलत राहिला.

"आई, मी काय म्हन्लो?"

"म्हन्ला का चहात साखर कमी हाय."

"मंग तर पुरा आला कान. टीका बरोबर आईकू येते तुले."

दुसरे इंजेक्शन मंगळवारी झाले आणि पुन्हा चित्र काढले गेले. या वेळी तो धागा पहिल्यापेक्षा निम्मा उरला होता. कागदावरची रेघ तळापासून बरीच वर आली होती. डॉ. मंजुषा समाधानाने बोलत होत्या. तिसरे इंजेक्शन शनिवारी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, आणि मग मंगळवारपासून कामावर जाण्यास हरकत नाही.

जिजाबाई त्यांचे ऐकत होत्या आणि मांडीवर बोटाने मोजत होत्या. शहाण्णव. आता ते ठोके पूर्वीसारखे समान नव्हते. मध्येच एखादा राहून जात होता.

त्यांनी तरुणपणी घेतलेल्या शिक्षणात एक गोष्ट डोक्यात पक्की ठोकून बसवण्यात आली होती. एकशेदहाच्या खाली आले, तर बाळ संकटात आहे. वाट पाहायची नाही. गाडी बोलवायची. बावीस वर्षांत त्यांनी अशी गाडी किती वेळा बोलावली असेल याची गणती नव्हती. आता त्या खुर्चीवर बसल्या होत्या, शहाण्णव ऐकत होत्या, आणि समोरची भली बाई त्यांना सांगत होती की आणखी एका सुईने हे शून्यावर येईल.

रुग्णाला बरे वाटण्याची लाज वाटावी, असे जिजाबाईंना कधी ऐकून ठाऊक नव्हते.

*

बुधवारी दुपारी सरिता जिजाबाईंच्या घरी आली. सरिता ही ओमप्रकाश भाजीवाल्याची बायको. नवरा-बायको रस्त्याकडेच्या चार एकरांत भाजी पिकवीत आणि तळेगावच्या बाजारात नेत. सिस्टरचा कान गेल्याचे तिला उशिरा कळले होते. डोक्यावरची बरबटीची टोपली तिने उंबऱ्याच्या आत ठेवली आणि खाटेवर जिजाबाईंच्या उजव्या हाताला बसली.

"कोनता कान हाय, सिस्टर?"

"हाच. तू बसली त्या बाजूचा."

"मंग मी जोरानं बोलतो," असे म्हणून सरिता वाकली आणि तिने तोंड जिजाबाईंच्या कानाजवळ आणले. परंतु ती बोलली नाही. तशीच वाकलेली राहिली. तिचा श्वास जिजाबाईंच्या मानेवर लागत होता. मग तिने हळूच मान वळवली आणि आपला कान त्यांच्या कानाला लावला.

जिजाबाई तिला दूर करू शकल्या असत्या. पण त्यांनी तसे केले नाही.

चार वर्षांपूर्वी सरिता आठव्या महिन्यात होती. त्याआधी सहाव्या महिन्यात तळेगावहून ठोके मोठ्याने ऐकवणारे यंत्र आणवून जिजाबाईंनीच तिला बाळाचे ठोके ऐकवले होते, आणि ती तोंडाला पदर लावून रडली होती. आठव्या महिन्यातला तो मंगळवार सोयाबीनच्या हंगामातला. उपकेंद्राला लागूनच मळणीचे थ्रेशर चालू होते. खिडकी थरथरत होती. सतरा बाया बसल्या होत्या. सरिता टेबलावर निजली आणि म्हणाली, "सिस्टर, कालपासून पोट चुप हाय." जिजाबाईंनी नळी लावली. थ्रेशरच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. एका मिनिटासाठी बाहेर जाऊन ते यंत्र बंद करायला सांगावे, असे त्यांना वाटले आणि मग वाटले, सतरा बाया आहेत. त्यांनी "काळजी करू नको" म्हटले आणि रकान्यात वरच्या ओळीसारखेच लिहिले. तिसऱ्या दिवशी आर्वीला सरिताला मेलेली मुलगी झाली. चौकशीला आलेल्या माणसाने नोंदवही पाहिली, एकशेचाळीस वाचले, सही केली आणि गेला.

पुढे सरिताने एकदाच विचारले होते, "मंगळवारी ठोके होते ना सिस्टर? तुमी आईकले होते ना?" आणि जिजाबाई म्हणाल्या होत्या, "हाव." त्यानंतर सरिताला मूल झाले नाही. ती दर सणाला सिस्टरच्या घरी भाजी आणून देई. जिजाबाईंना ती भाजी कधी गोड लागली नाही.

खाटेवर सरिताने कान उचलला नाही. पाच मिनिटे झाली असतील. जिजाबाईंची नजर घड्याळाकडे गेली आणि त्यांनी न ठरवता मोजले. एकशेचार. पुढच्या मिनिटाला एकशेअठरा. पुढच्या मिनिटाला एकशेबत्तीस. नंतर पुन्हा एकशेसव्वीस.

लिहिलेला आकडा कधी हलत नाही. असे वर-खाली होणारे, मध्येच दौडणारे, मध्येच संथ होणारे ठोके केवळ एकाच गोष्टीचे असतात, आणि ती गोष्ट परिचारिकेला सांगावी लागत नाही.

"उद्या येतो," सरिता म्हणाली आणि गेली.

ती गुरुवारी आली. थेट उजव्या बाजूला बसली. जिजाबाईंनी चष्मा काढून ठेवला, जेणेकरून तिला कान नीट लावता यावा. रत्नदीप कामावरून आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या, डोक्याला डोके लावून. तो दारातच थांबला.

"काय करून राह्यल्या तुमी दोघी?"

"आईकून राह्यलो," सरिता म्हणाली.

तो काही क्षण उभा राहिला, मग चहा ठेवण्यास आत गेला. रात्रीच्या जेवणात त्याने आईला विचारले, शनिवारची गाडी सांगू ना. जिजाबाई म्हणाल्या, थांब, उद्या सांगतो.

*

शुक्रवारी दुपारपर्यंत जिजाबाईंनी मनाशी निश्चय केला होता. त्या दवाखान्यात जाणार नव्हत्या. कान गेला तर गेला. डाव्या कानाने जितके निभेल तितके निभवायचे. ज्या बाईला आपण एकदा फसवले, तिच्या मुलीला दुसऱ्यांदा सुई टोचून मारणे आपल्याच्याने होणार नाही. हे विचार वेडेपणाचे आहेत, हे त्यांना कळत होते. वडील असते तर काय म्हणाले असते, हेही कळत होते. परंतु मोजलेला आकडा खोटा मानण्याची विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती.

एकच काम उरले होते. सरिता येऊन बसली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"आईकायच्या आधी माह्यं आईक. त्या मंगळवारी मी आईकलं नोतं. थ्रेशर चालू होतं. मले कायच आईकू आलं नाई. मी तसंच लिवून देल्लं."

सरिता दारातून दिसणाऱ्या हातपंपाकडे पाहत होती. तेथे एक म्हातारा पाणी हापसत होता.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासून. ठोके आईकू आले का तुमचे ओठ हालते, सिस्टर. साऱ्या बायायले माहीत हाय. माह्या वक्ती हालले नोते."

जिजाबाईंनी तिचा हात सोडला नाही.

"मंग इतके वर्सं बोलली काऊन नाई?"

"बोलून काय होतं? तुमी आईकलं असं म्हन्लं, तं कोनीतरी तिले आईकलं होतं असं वाटे. मले तेवढंच पायजे होतं." तिने हात सोडवून घेतला. "सरका थोड्या."

"सरिता, मी उद्या नाई जात दवाखान्यात."

तिने कान लावला.

ठोके होते. एकशेअडतीस. जिजाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. पंपाचा दांडा खाली-वर होत होता, तो आवाज डाव्या कानात. उजव्या कानात दुसरे काही नव्हते.

सरिता पुटपुटू लागली. शब्द समजत नव्हते. ती जिजाबाईंशी बोलत नव्हती.

मध्येच ती थांबे. जसे कोणी उत्तर देत असता थांबावे.

एकशेबावन्न. एकशेसाठ.

मग ते थांबले.

जिजाबाईंनी श्वास धरला. घड्याळाचा काटा पाव फेरा फिरला, अर्धा फिरला. कानात काही नव्हते. कोणी दार ओढून घ्यावे तशी ती शांतता होती. त्यांनी सरिताचा दंड घट्ट पकडला. "गेले," त्या म्हणाल्या. "सरिता, ठोके गेले."

सरिताने मान उचलली. तिचा चेहरा शांत होता. कपाळावर घामाचे थेंब होते, श्वास लांब होता, आणि गाल ताप चढल्यासारखे लाल झाले होते.

"तुमी जा उद्या," ती म्हणाली. "खुशाल जा. कान नीट करून घ्या. आता तुमच्यापाशी नाई थे."

ती खाटेवरून उठली, पण उठताना तिने उजव्या हाताने खाटेची पाटी धरली आणि सगळा भार त्या एका हातावर घेतला. डावा हात तिने वापरला नाही. उन्हाच्या पट्ट्यात ती उभी राहिली तेव्हा जिजाबाईंनी चष्मा लावला. तिच्या निळ्या चोळीवर पुढे दोन गोल ओले डाग उमटले होते आणि ते पसरत होते. तो घाम नव्हता. बावीस वर्षे बाळंतिणी पाहिलेल्या बाईला त्यात फसण्यासारखे काही नव्हते.

"सरिता," जिजाबाईंनी हाक मारली.

तिने ओठांवर बोट ठेवले.

मग ती दाराकडे गेली. दार अरुंद नव्हते. त्यातून ती एरवी डोक्यावर टोपली घेऊन सरळ येत असे आणि सरळ जात असे. आज मात्र चौकटीपाशी ती थबकली, डाव्या हाताचा कोपर छातीशी ओढून घेतला, उजवा तळवा त्या कोपरावर झाकणासारखा पालथा धरला, आणि आडवी होऊन, सावकाश, चौकट कशाला लागू नये इतक्या बेताने ती बाहेर पडली.